मॅडम सोलापूरला येणार आहेत

शनिवार, रात्र

मॅडम, म्हणजे पुण्याहून व्हिडिओ कॉलवर माझ्यावर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ, पुढच्या महिन्यात सोलापूरला येणार आहेत. गुरुवारी सेशन संपता संपता म्हणाल्या, "एक दिवसाची कार्यशाळा आहे, संध्याकाळी मी मोकळी असेन. तुम्हाला जमलं तर प्रत्यक्ष भेटू. सक्ती अजिबात नाही." मी "हो हो, नक्की" म्हणाले आणि तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. शुक्रवारी कॅश जुळायला उशीर झाला. आज वहिनी काहीतरी विचारत होती, तिला भलतंच उत्तर दिलं.

खरं तर आनंद व्हायला हवा. जे कुणालाच कधी सांगितलं नाही ते ज्यांना सांगितलं, त्या माझ्या बार्शीपासून इतक्या जवळ येतायत. पुण्याला जायचं तर रजा, मुक्काम, आण्णाला काय सांगायचं, शंभर गोष्टी. इथे नुसती सोलापूरची एसटी धरायची. तरी जावंसं वाटत नाही.

आधी वाटलं, गड्ड्याची जत्रा असेल, गर्दी असेल, म्हणून नको वाटतंय. पण त्या गर्दीत मी लहानपणापासून जाते. मग वाटलं, पडद्यावर बोलायची सवय झालीय, समोरासमोर शब्द फुटणार नाहीत. तेही पूर्ण खरं नाही. पडद्यावर तरी कुठे सहज फुटले? सुरुवातीला घरी गच्चीवर बसून बोलायचे तेव्हा 'उलटी' हा शब्दसुद्धा तोंडातून निघायचा नाही, खाली आई पापड वाळत घालत असायची. पतसंस्थेची रेकॉर्ड रूम मिळाली तेव्हा कुठे बोलायला लागले. दुपारी तिथे कुणी फिरकत नाही, पिग्मी एजंट संध्याकाळीच येतात.

मॅडमनी मला खांद्यापर्यंतच पाहिलंय. पाठीमागे जुन्या खतावण्यांचं कपाट, पुढे डबा, मध्ये मी. पहिल्या काही सेशनमध्ये मी सारखी स्वतःच्याच चौकटीकडे बघायचे, हनुवटी कशी दिसते, गाल किती दिसतात. त्यांच्या ते लक्षात आलं असणार. म्हणाल्या, "तुमची स्वतःची चौकट बंद करून टाका. मला तुम्ही दिसत राहाल, तुम्हाला मी." केली. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा नीट पाहिला.

पूर्ण मला पाहून त्यांना काय वाटेल, या भीतीने पोटात गोळा आलाय एवढं कळलं. मला वाटलं, जाड वाटेन याची भीती. नेहमीचीच. ती ओळखीची आहे, तिच्याशी झटापट करायला शिकलेय. पण आज दुपारपासून हे उगाळतेय आणि वाटतंय की उलटंच आहे. भीती ही आहे की मी त्यांना धडधाकट वाटेन. त्या दारातून येतील, मला पायापासून डोक्यापर्यंत बघतील आणि मनात म्हणतील, ही? हिला काय झालंय?

असं एकदा झालेलंच आहे. मॅडमच्या आधी एका डॉक्टरांकडे मोठ्या हिमतीने गेले होते. सगळं नाही, निम्मंच सांगितलं. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, वजन तर अगदी बरोबर आहे तुमचं, ॲसिडिटी आहे, गोळ्या देतो, टेन्शन घेऊ नका. मी गोळ्या घेतल्याही. त्यांच्यावर आज राग नाही असं लिहिणार होते, पण आहे. दंतवैद्यांना मात्र कळलं. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली पाहून त्यांनी आरसा खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "उलट्या होतात का वारंवार?" मी ॲसिडिटी म्हणाले. त्यांनी एवढंच सांगितलं की उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, नुसत्या पाण्याने चूळ भरा. त्यावर आणखी काही विचारलं नाही. तेवढ्यानेही मी घरी येऊन रडले होते.

घरात तर शंका यायला जागाच नव्हती. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस. माझ्याइतके नेमाने उपास घरात कुणी केले नसतील. मावशी कौतुकाने सगळ्यांना सांगायची. उपासाच्या दुसऱ्या दिवशी रात्री स्वयंपाकघरात काय व्हायचं ते कोण सांगणार? इतकं व्रत, इतकी भक्ती, आणि आत हे. देवाचं नाव घेऊन मी काय करत होते ते मला कळत होतं. त्याबद्दल आज लिहिवत नाही.

माझा आजार बुलिमिया, म्हणजे भान सुटून खायचं आणि मग उलटी करून ते काढायचं. त्यात वजन बहुतेकांचं नेहमीसारखं किंवा थोडं जास्तच असतं, हे मॅडमनी अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं. जेराल्ड रसेल नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1979 मध्ये लंडनच्या 30 रुग्णांवरून या आजाराला नाव दिलं, तेही मी त्यांच्याकडूनच ऐकलं. ते ऐकून मला केवढा आधार वाटला होता. म्हणजे मी जन्माला यायच्या आधीपासून हे आहे, कुणीतरी लिहून ठेवलंय. तरी वाटतं, कागदावरची गोष्ट वेगळी आणि समोर उभं राहणं वेगळं.

आण्णाला शुगर आहे. रिपोर्टवर आकडा येतो आणि सगळं घर कामाला लागतं, वहिनी ज्वारीच्या भाकऱ्या थापते, आई त्याच्या चहातली साखर काढते. आजारी दिस, असं त्याला कुणी म्हणत नाही. मलाच का सगळं पटवून द्यायचं? दिवसभर काउंटरवर हसतमुख बसायचं, आणि मग ज्यांच्याकडे मदत मागायची त्यांनाही दाखवून द्यायचं की खरंच दुखतंय. एकदा माझंही कागदावर आलं होतं. पोटॅशियम कमी आलं. कोपऱ्यावरचे डॉक्टर गंभीर झाले, लगेच ईसीजी काढला, मॅडमना फोन केला. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके चुकू शकतात, बाहेरून काही दिसत नाही. आणि मला त्या दिवशी घाबरायच्या ऐवजी बरं वाटलं होतं. हे मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

(जेवणानंतर)

मध्ये वहिनीने हाक मारली, जेवून आले. भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी, ताक. मॅडमसाठी खाण्याचा तक्ता ठेवते त्यात लिहिलं, वेळ, जागा, सगळं. आता डोकं जरा शांत आहे.

जेवताना एक गोष्ट लक्षात आली. माझं वजन मॅडमना माहीत आहे! काटा आठवड्यातून एकदाच, तोही सेशनच्या सुरुवातीला, बाकी दिवस तो वहिनीच्या कपाटात, अशी पद्धत आहे. ऑक्सफर्डच्या फेअरबर्न यांनी बसवलेले हे उपचार आहेत, साधारण 20 आठवड्यांचे. दर गुरुवारी काटा पिशवीतून नेते, उभी राहते, आकडा मीच मोठ्याने सांगते, आणि तो मॅडमनी आणि मी मिळून आलेखावर टिपायचा असतो. उंची पहिल्याच फॉर्ममध्ये भरली होती. म्हणजे सोलापूरला त्यांना नवीन असं काय दिसणार आहे? ज्यावरून त्या डॉक्टरांनी मला परत पाठवलं, ते सगळं मॅडमकडे पहिल्या दिवसापासून आहे. ते हातात असूनच त्यांनी विचारलं होतं, "आज सकाळपासून काय काय खाल्लं? आणि आधी हे सांगा, किती दिवस एकट्या आहात यात?"

त्यांनी माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवला. पुराव्याची गरज त्यांना कधी पडलीच नाही, ती मलाच पडतेय. दिवसातून तीन जेवणं आणि मधली दोन खाणी घ्यायला लागल्यापासून रात्रीचं ते खूप कमी झालंय, आणि जसजसं कमी होतंय तसतशी ही गरज वाढतेय, असं वाटतं. बरी होत गेले तर कुणाला कधी कळणारच नाही की होतं काय. याचं वाईट वाटणं चूक आहे का? माहीत नाही. वाटतं एवढं खरं.

आणि काही लोकांनी पाहिलंय की. रेकॉर्ड रूममध्ये मॅडम माझ्याबरोबर जेवल्या आहेत, पुण्यात त्यांच्या टेबलावर त्यांचा डबा, इथे माझा. त्यांच्या डब्यात गवार होती. माझा घास हातात थांबला तेव्हा त्याही थांबल्या आणि म्हणाल्या, "घाई नाही, मी आहे." आई काही विचारत नाही, पण मार्गशीर्ष लागला तेव्हा म्हणाली, "यंदा तुझे गुरुवार मी करते. तू जेवत जा." तिला कितपत कळलंय हे मी विचारलेलं नाही. रात्री फार झालं होतं तेव्हा 14416 वर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन लावला होता. पलीकडून मराठीत बोलणाऱ्या ताईंनीही मला पाहिलं नव्हतं. आवाजावरूनच त्यांनी ओळखलं की हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच, असं त्यांनीच सांगितलं, आणि मॅडमपर्यंत मी तिथूनच पोचले.

पडद्यामागे लपले होते असं संध्याकाळी वाटत होतं. आता तसं वाटत नाही. पडदा होता म्हणून तर तोंड उघडलं. तो नसता तर ही बाई मला भेटलीच नसती, मी अजून गोळ्या खात बसले असते.

जायचं की नाही अजून ठरलेलं नाही. जायचं ठरलं तर नाश्ता करून, दुपारचं जेवण जेवून, संध्याकाळचं खाणं डब्यात घेऊन जायचं. हे मुद्दाम लिहितेय, कारण काल रात्री विचार आला होता की भेटीच्या आधी आठ दिवस कमी खाल्लं तर जरा तरी आजारी दिसेन. तो विचार तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात जसा आला तसा लिहिलाय, पोटॅशियमच्या वेळी बरं वाटलं होतं तेही त्याच्याखाली लिहिलंय, आणि फोटो काढून मॅडमना पाठवलाय. गुरुवारी आधी यावरच बोलू, भेटीचं त्यानंतर.