सुगरण म्हणे!

आज तिसऱ्या दिवशी झड उघडली. वावरात पाय रुततो, डवरणीचं नावच नको. मग वाचनालयातून आणलेलं पक्ष्यांचं पुस्तक घेऊन विहिरीवर जाऊन बसलो. (पहिली बारा पानं वाळवीनं आधीच वाचून टाकलेली.)

विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेत. लहानपणापासून बघतो, पण विणतो तो नर, हे मला आज कळलं! पावसाळ्यात त्याचं डोकं हळदीसारखं पिवळं होतं. खोपा टोपीएवढा झाला की मादी येते, आत शिरून बघते. पसंत पडला तर तो खालची लांब नळी विणून खोपा पुरा करतो. नाही तर राहतो तसाच लटकत. बिननळीचे चार मोजले. बिचारे.

समोरच एक नर गवताच्या पात्याला कडेनं खाच पाडायचा, टोक चोचीत धरून उडायचा, की सर्रकन बारीक पट्टी निघायची. मलाही खाज सुटली. शिंदीचं पान नखानं चिरलं आन् बसलो विणत. पाऊण तास! त्याच्याकडं फक्त चोच आन् पाय, माझ्याकडं दहा बोटं, तरी एक गाठ धड बसली नाही.

बाबा आले. उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे काय होय बे? बकरीचं मुसकं?"

घरी नेऊन बायकोले दाखवलं. तिनं आत बोट घालून बघितलं आन् काही न बोलता परत दिलं.