कॉलेज मुलाच्या दारात

केंटकीतल्या लेक्सिंग्टनला आल्यावर पहिल्याच सप्टेंबरात मी इथल्या कीनलँड रेसकोर्सवर शिंगरांचा लिलाव बघायला गेले. वर्षभराचं शिंगरू फिरवून दाखवतात, खरेदीदार त्याचे पाय, खूर, चाल न्याहाळतात. समोर रस्त्यापलीकडे विमानतळ, तिथे बड्या गिऱ्हाइकांची खासगी विमानं उभी. सोबत शेजारचे आजोबा होते, केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉलचे कट्टर भक्त. म्हणाले, "आमच्या कोचचंही हेच काम. फक्त त्यांचा बाजार जुलैत भरतो."

तो बाजार म्हणजे शाळकरी पोरांच्या स्पर्धा. नाइकेची पीच जॅम ही त्यातली सगळ्यात मानाची, साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टात होते. देशभरातले नामांकित कोच विमानाने येतात आणि आपापल्या विद्यापीठाचा शर्ट घालून मैदानाच्या कडेला बसतात. तिथे मुलांशी बोलायला त्यांना नियमाने बंदी. त्यामुळे लाखो डॉलर पगाराचा माणूस सतरा वर्षांच्या मुलाला आपण नुसते दिसावं म्हणून तासन् तास बसून राहतो!

मुलगा पसंत पडला की त्याला कॅम्पसवर बोलावतात. दोन रात्रींचा पाहुणचार. विमान, हॉटेल, जेवण सगळं कॉलेजकडून. आईवडिलांचाही प्रवासखर्च देता येतो. हे कळलं तेव्हा मला माझी एमएसची धडपड आठवली. जीआरईची फी, टोफेलची फी, सहा विद्यापीठांच्या अर्जांची फी, आणि वर बाबांनी काढलेलं बँकेचं कर्ज. आमच्याकडे डोनेशनचं पाकीट घेऊन कॉलेजच्या दारात उभे राहणारे बाप मी पाहिलेत. इथे कॉलेजच बापाच्या दारात.

या मागे लागण्याचा हिशेब लपवता येत नाही. १९९४च्या एका संघीय कायद्यामुळे कॉलेजांना दरवर्षी खेळाडूंच्या भरतीवरचा खर्च सरकारला कळवावा लागतो. पण गोम अशी की तो आकडा मुलांचे सगळे संघ मिळून एक आणि मुलींचे मिळून एक असा असतो, म्हणजे फुटबॉल नि बास्केटबॉल एकाच पिशवीत. शिवाय त्यात येतात प्रवास, हॉटेल, जेवण, फोन असले खर्च. मुलाला भुलवणारी इमारत त्यात येत नाही.

आमच्या इथलंच बघा. खेळाडूंसाठी २०१२मध्ये 'वाइल्डकॅट कोल लॉज' हे वसतिगृह उभं राहिलं. पैसे, साधारण ७० लाख डॉलर, कोळसा उद्योगातल्या देणगीदारांचे, म्हणून नावात कोळसा. त्या नावावर चिडून इथले शेतकरी-लेखक आणि कोळशाच्या खाणकामाचे विरोधक वेंडेल बेरी यांनी विद्यापीठाकडे ठेवलेली आपली कागदपत्रं परत घेतली. खेळाडूंना वेगळं वसतिगृह द्यायचं नाही असा नियम असल्यामुळे निम्म्याहून जास्त खोल्या साध्या विद्यार्थ्यांना. त्या पोरांचं नशीब!

टेबलाखालचा पैसा वेगळाच. २०१७मध्ये एफबीआयने धाडी घातल्या आणि इथून सव्वाशे किलोमीटरवरच्या लुइव्हिल विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच रिक पिटिनो यांची नोकरी गेली. एका खेळाडूने तिथे यावं म्हणून त्याच्या घरच्यांना एक लाख डॉलर देऊ केल्याचं ते प्रकरण. त्यात हे पैसे पुरवणाऱ्या आदिदासच्या माणसांना शिक्षाही झाली. मग जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली. जुलै २०२५पासून तर कॉलेजच त्यांना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून २.०५ कोटी डॉलरपर्यंत. ज्या पैशापायी माणसं कोर्टात उभी राहिली, त्याला आता अर्थसंकल्पात रकाना आहे. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं, आजोबांना नाही.

त्यांची तक्रार दुसरीच आहे. आता खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतात. एवढा खर्च करून आणलेला मुलगा वसंतात चालता होतो आणि पुन्हा नवी नावं पाठ करायची. मागच्या नाताळात नातीने त्यांना नवी निळी जर्सी घेऊन दिली. पाठीवर कुणाचं नाव घालू, असं तिने विचारलं होतं. आजोबांनी पाठ कोरीच ठेवायला सांगितली.