अकरावं मशीन, पत्ते आणि प्रिंटर

मागच्या नोंदीनंतर तीन महिने काही लिहिलं नाही. दिवाळी गेली, घरात एक लग्न झालं, आणि कपाशीच्या सीझनमध्ये आमच्या जिनिंगला रविवार नावाचा वार नसतो. पण वही चालू होती. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी अमळनेरचा, पोटापाण्याला जिनिंगमध्ये हिशोब लिहितो आणि सुटीच्या दिवशी लोकांचे जुने कॉम्प्युटर उघडून त्यांवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, टाकतो. मजुरी घेत नाही, एसएसडीचे (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कचे) पैसे तेवढे घेतो. अट एकच. पंधरा दिवस वापरायचं आणि मग मत सांगायचं, ते मी शंभरपानी वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवणार. माझ्या तोंडावर बरं वाटावं म्हणून केलेलं कौतुक मी खोडून टाकतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट संपले आणि माझ्याकडची रांग वाढली. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण पुढे काय? विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्याकडे दुकानादुकानात बसलेत तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय३. धडधाकट मशीनं, फक्त हार्ड डिस्क रडकुंडीला आलेली. ती भंगारात द्यायला हात धजत नाही.

आता अकरा मशीनं झाली. परवा सगळी वही एका बैठकीत वाचून काढली आणि थोडा ओशाळलोच. आपण लिनक्सवाली मंडळी स्नॅप चांगलं की फ्लॅटपॅक (प्रोग्राम टाकायच्या दोन पद्धती) यावर रात्री दोनपर्यंत भांडतो, वेलँडवर कोण गेलं नि एक्स११वर कोण चिकटून बसलं (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या-जुन्या यंत्रणा) याचा हिशोब ठेवतो. वहीत यातला एक शब्द कोणाच्या तोंडी नाही. माणूस रोज जे एक काम करतो ते पहिल्या दिवशी जमलं, की त्याच्या मते लिनक्स चांगलं. नाही जमलं, की 'हे काही आपल्या कामाचं नाही भाऊ'.

भुसावळच्या नानांचंच घ्या. रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे पारोळ्याकडचे, त्यामुळे घरात अजून अहिराणी. त्यांचा कॅबिनेट मांडीवर घेऊन मी पॅसेंजरने आणला आणि पॅसेंजरनेच परत नेला. तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबी एसएसडी, त्यावर लिनक्स मिंट २२.२ या लिनक्सच्या प्रकाराचं एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपचं रूप. मिंटची ही २२ची मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, म्हणून अशा माणसांना मी डोळे झाकून तीच देतो. आधी चालू व्हायला चहा होऊन जायचा, आता अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉप समोर. मी छाती फुगवून उभा. नानांनी माऊस हलवला, मेन्यू वरखाली केला, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "मना पत्तासना खेय कथा गया?"

पत्ते! माझ्या यादीत सगळं होतं, पत्ते नव्हते. आयलरायट नावाचं पॅकेज टाकलं, त्यात पत्त्यांचे ऐंशीच्या वर खेळ आहेत. नाना म्हणाले, "इतला खेय कसाले? माले एकच लागस." त्यांचा तो एक शोधून डेस्कटॉपवर आणून ठेवला. पंधरा दिवसांनी वहीत उतरवलेलं मत: 'झकास. पत्ते मोठे दिसतात.' माझ्या एसएसडीबद्दल चकार शब्द नाही. आता कोणाचंही मशीन घेताना माझा पहिला प्रश्न असतो, रोज सकाळी चालू केल्यावर सगळ्यात आधी काय उघडता?

हार्डवेअरवाल्यांसाठी एक नोंद. आठवं मशीन दुसऱ्या एका जिनिंगच्या ऑफिसातलं. तक्रार अशी की विंडोज काय नि लिनक्स काय, अर्ध्या तासात बंद पडतं. उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये सरकीच्या लवेची गादीच बसलेली, हाताने ओढली तर वातीसारखी निघाली. थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली. साफ करून नवी पेस्ट लावली आणि मशीन सुधारलं. त्यात लिनक्सचं श्रेय शून्य, पण मालकांच्या मते 'लिनक्समुळे कॉम्प्युटर तापत नाही'. हे मत वहीत ठेवलंय, बाजूला फुली मारून. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्याआधी, मार्चमध्येच, ज्याने त्याने आपलं कॅबिनेट उघडून ब्लोअर मारून घ्यावा. ऑपरेटिंग सिस्टिम कुठलीही असो.

आता वहीत सगळ्यात जास्त पानं खाणारा विषय, मराठी टायपिंग. इथे माणसांच्या तीन जाती आहेत. टायपिंग क्लासला जाऊन जुन्या टाइपरायटरची बोटं बसलेले, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची सरकारी कीबोर्ड मांडणी) शिकलेले, आणि मोबाइलवर रोमनमधून मराठी उमटवणारी पोरं. इनस्क्रिप्टवाल्यांचं काम दोन मिनिटांचं: कीबोर्ड लेआउटमध्ये भारत निवडून मराठी इनस्क्रिप्ट जोडायचं, वेगळं काही डाउनलोड करायला लागत नाही. पोरांसाठी आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकतो, त्यात मराठीचे रोमनवर चालणारे प्रकार आहेत, गमभनसुद्धा. टाइपरायटरवाले सगळ्यात अवघड. त्यांना एकेक अक्षर जुन्याच जागी हवं असतं, आणि एक जरी हललं तरी बोटं अडखळतात. एका निवृत्त शिक्षकांनी मला तासभर शेजारी बसवून दाखवलं की त्यांची बोटं पडद्याकडे न बघता चालतात. मग मीच हात जोडले. त्यांना हवा तो लेआउट मिळेपर्यंत त्यांचं मशीन नेलं नाही.

अर्ध्या र ची गंमत सांगतो. 'शेतकऱ्यांना' हा शब्द आमच्याकडे प्रत्येक अर्जात असतो. साधा र, हलन्त आणि य दाबला की रफार होऊन 'शेतकर्यांना' उमटतं, आणि मग लोक म्हणतात लिनक्सला मराठी येत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, त्याला हलन्त आणि य जोडला की 'ऱ्या' जागेवर. विंडोजवरच्या इनस्क्रिप्टमध्येही हेच आहे, पण तिथे कोणी कोणाला दोष देत नाही. नव्या सुनेच्या हातून कप फुटावा तसं आहे हे.

दुसरी गोष्ट ल आणि श यांची. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळे, हे शाळेत पाटीवर गिरवलेल्याला सांगावं लागत नाही. ज्या फाँटात दोन्ही आकार भरलेले असतात त्यात मजकुराची भाषा मराठी ठेवली की ल आपोआप आपला होतो, हिंदी ठेवली की तिकडचा. लिब्रेऑफिसमध्ये खालच्या पट्टीवर भाषा बदलून मी हे बऱ्याच जणांना दाखवलं. वहीतलं मला सगळ्यात आवडलेलं मत त्यातूनच आलं, यावलच्या एका अंगणवाडी ताईंचं: 'माझा ल परत मिळाला.'

भाषेवरून आठवलं. धडगावकडे एक मित्र शिक्षक आहे, त्याच्या लॅपटॉपवर काम करताना सिस्टिमची लोकॅलची (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगची) यादी चाळत होतो, तर त्यात भिली दिसली. याने मेन्यू भिलीत येत नाहीत, वारांची नि महिन्यांची नावं, तारखेची पद्धत एवढंच येतं. तरी त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मग मी साहजिकच अहिराणी शोधली. मिळाली नाही. तेव्हापासून मागच्या पानावर वारांची नावं लिहायला घेतलीत, पण मंगळवारचा 'मंगयवार' सरळ लिहायचा की नाही यावरून घरातच दोन तट पडलेत. आईचं म्हणणं, बोलायचं ते बोलायचं, लिहायचं ते शुद्ध. बघू.

आता हरलेली बाजू. आमच्या इथल्या एका जिभाऊंचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. त्यांचं मशीन मी घेतलं आणि आठवड्यात जसंच्या तसं परत दिलं. वीस वर्षांच्या पत्रिकांचे नमुने पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममध्ये, आणि मजकूर युनिकोडच्या (सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटांत. त्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाँट नसेल तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची मिसळ दिसते. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवण्याची सोय) पेजमेकर उघडलं, पण वेलांट्या सरकत होत्या, आणि पत्रिकेत नवरीच्या नावाची वेलांटी सरकली तर जिभाऊंनी गावात तोंड कुठे दाखवायचं? इंकस्केप आणि स्क्रायबस (चित्रांचा नि पानमांडणीचा मोफत प्रोग्राम) दोन्ही दाखवले. स्क्रायबस त्यांना आवडलंही. पण लग्नसराई तोंडावर असताना नवीन काही शिकायला ते मोकळे नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. शेवटी ते मशीन विंडोजवरच ठेवून इंटरनेटची वायर काढली. वहीतलं मत: 'चांगलं असंल भो, पण मना धंदा तेच्यावर नही.' मला हे मत नानांच्या 'झकास'पेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

तसंच हिशोबाचं. आमच्या जिनिंगमधलं सॉफ्टवेअर विंडोजचं, त्यामुळे दिवसभर मी स्वतः विंडोजवरच असतो. हे लपवण्यात अर्थ नाही.

कोअर टू ड्यूओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवाल्यांसाठी एक सूचना. 'आपलं ३२ बिट आहे, नवं काही चालणार नाही' असं सांगत तीन जण आले. तिघांच्याही मशीनवर कोणीतरी ३२ बिट विंडोज ७ टाकलेलं, एवढंच. कोअर टू ड्यूओ ६४ बिटच असतो, रॅम ४ जीबी केली की एक्सएफसीई बरं चालतं. खरं ३२ बिट म्हणजे अ‍ॅटम एन२७०वाले जुने नेटबुक. त्यांची वाट मात्र अरुंद होत चाललीय. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सने ३२ बिटचा इन्स्टॉलरच बंद केला. माझ्याकडच्या एका नेटबुकवर अँटीएक्स २३ हे हलकं लिनक्स टाकलंय. भाची त्यावर पाढे टाइप करते, ब्राउझर उघडला की जीव काढतो. कोणाला यापेक्षा हलकं काही माहीत असेल तर सांगा, पपी लिनक्स सोडून. पपी मला आवडतं, पण भाचीच्या फाइली दोनदा हरवल्या, त्या जतन कशा करायच्या हे मीच तिला नीट सांगितलं नव्हतं.

माझ्या स्वतःच्या टेबलावर थोडं वेगळं चाललंय. झोरिन १८ हे लिनक्स बघितलं, विंडोज १० संपलं त्याच दिवशी मुहूर्त साधून आणलेलं. देखणं आहे, पण ४ जीबीवर मला मिंटचं एक्सएफसीईच सुटसुटीत वाटलं. हायकू ही लिनक्सहून वेगळी सिस्टिम, तिची पाचवी बीटा (चाचणी आवृत्ती) सप्टेंबर २०२४ची. चालू व्हायला इतकी चपळ की बघत राहावं, पण तो माझा छंद आहे, नानांना देण्याची गोष्ट नव्हे. रिअ‍ॅक्टओएस (विंडोजचे प्रोग्राम चालवू पाहणारी सिस्टिम) अजून अल्फात, म्हणजे कच्ची. घोस्टबीएसडी या आणखी एका सिस्टिमवर एक रविवार घालवला आणि वायफायपाशी थांबलो. माझ्या मुख्य मशीनवर डेबियन १३ आहे आणि ते कंटाळवाणं आहे, म्हणजे स्तुती करतोय.

तर अकरावं मशीन. चोपड्याच्या मावसभावाच्या अभ्यासिकेतलं, स्पर्धा परीक्षेची पोरं तिथे प्रवेशपत्रं छापतात. मिंट टाकायला वीस मिनिटं लागली आणि प्रिंटरला तीन रविवार. तालुक्यात कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तसला लहानसा लेझर प्रिंटर, कंपनीचं नाव घेत नाही. त्याला स्वतःची वेगळी भाषा बोलणारा ड्रायव्हर लागतो. नवे प्रिंटर कप्सला (लिनक्सच्या छपाईच्या यंत्रणेला) ड्रायव्हरशिवाय ओळख देतात, जोडला की छापायला तयार. हा जुना मात्र कागद ओढून घ्यायचा, दिवा लुकलुकवायचा आणि गप्प. पहिला रविवार कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये गेला. दुसऱ्या रविवारी वीज गेली ती संध्याकाळी आली. तिसऱ्या रविवारी हौशी लोकांनी लिहिलेला मोकळा ड्रायव्हर कंपाइल केला आणि पहिलं पान बाहेर आलं, तेव्हा अभ्यासिकेतली सहा-सात पोरं टाळ्या वाजवत होती. पान कोरं होतं. टोनर संपलेला.

मावसभाऊ म्हणाला, "दादा, तू जेवून घे आधी." वहिनीने कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं, तोवर एक पोरगा टोनर भरून घेऊन आला.

आजची स्थिती: प्रिंटर चालतो, फक्त वीज जाऊन आली की तो एकदा बंद करून चालू करावा लागतो. तशी चिठ्ठी भिंतीवर चिकटवलीय. दोन पोरांनी घरच्या लॅपटॉपसाठी पेनड्राइव्ह मागितला, त्यावर व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टिम चालू करणारा प्रोग्राम) घालून तीन सिस्टिमच्या आयएसओ फाइली टाकून दिल्या. स्कॅनर अजून मुका आहे. पंधरा दिवस पूर्ण व्हायला आठ बाकी आहेत, मत त्यानंतर.