नस दबलीय म्हणून आलेले काका

मी न्यूरो कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांत नळी घालून तपासणी-उपचार करतात तिथे, टेक्निशियन आहे. आमच्याकडे बहुतेक कामं मेंदूची: स्ट्रोक, अ‍ॅन्युरिझम (धमनीला आलेला फुगा). यादीत मध्येच 'स्पायनल अँजिओ', म्हणजे मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, दिसलं की मी डबा लवकर खाऊन घेते. एकदा लेड अ‍ॅप्रन चढवला की कधी सुटका होईल याचा भरवसा नसतो.

परवा आलेले काका निवृत्त एसटी कंडक्टर. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) वर्षभर पाय जड होत होते. चाललं, जिना चढला की जास्त, बसलं की जरा बरं. कमरेचा एमआरआय झाला, 'नस दबलीय, गॅप आहे' असं सांगितलं गेलं. साठीच्या माणसाच्या कमरेत गॅप दिसणारच! ट्रॅक्शन झालं, पट्टा झाला. लघवी अडायला लागली तेव्हा प्रोस्टेटच्या गोळ्या. मग कुणीतरी मज्जारज्जूला दाह समजून स्टिरॉइड दिलं आणि पाय आणखीच गेले. काकांना जो आजार पुढे निघाला, त्यात स्टिरॉइडने बिघडू शकतं, हे मी आमच्या डॉक्टरांकडून अनेकदा ऐकलंय.

पूर्ण मणक्याचा एमआरआय काढला तेव्हा मज्जारज्जूला खालच्या टोकापर्यंत सूज, आणि मागच्या बाजूला काळे वळवळते ठिपके: फुगलेल्या शिरा. स्पायनल ड्युरल फिस्टुला. मज्जारज्जूवरच्या आवरणात, नसेचं मूळ बाहेर पडतं तिथे, एक बारीक धमनी थेट शिरेला जोडली जाते. ज्या शिरेने मज्जारज्जूतलं रक्त बाहेर न्यायचं, तिच्यात धमनीच्या दाबाचं रक्त उलटं शिरतं. तुंबलेल्या गटारासारखी गत. पन्नाशी-साठीतल्या पुरुषांमध्ये जास्त, आणि एकूण दुर्मीळच.

गोम अशी की सूज बहुधा खालच्या टोकाला दिसते, पण जोड छातीत असू शकतो, कमरेत असू शकतो, क्वचित पार माकडहाडाजवळ. म्हणून शोधायचं. जांघेतून कॅथेटर (बारीक लांब नळी) महाधमनीत न्यायचा आणि प्रत्येक मण्याच्या डाव्या-उजव्या फांदीत तोंड घालून थोडी डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडायची. मी मणी मोजते आणि लिहून ठेवते, कारण एक मणी इकडचा तिकडे झाला तर पुढचं सगळं फुकट. दर वेळी तेच: "काका, श्वास घ्या. धरा. हलू नका, गिळूही नका." काका म्हणाले, "धरतो ताई, पण सोडायचं झालं की डबल बेल द्या." त्यानंतर आमचे सरही प्रत्येक रनला "डबल बेल" म्हणत होते.

डाव्या डी-७ ला, म्हणजे छातीच्या सातव्या मण्याला, जोड सापडला. बारीक धमनी, मग नागमोडी शीर, स्क्रीनवर वर चढत जाणारी. हा जोड आतून ग्लू सोडून बंद करायचा असतो, पण लगेच ग्लू नाही. आधी अ‍ॅडमकिविझ धमनी कुठून निघते ते बघायचं. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला तीच मुख्यतः रक्त पुरवते. ती त्याच फांदीतून निघत असेल तर ग्लू टाकणं म्हणजे पाय कायमचे घालवणं. मग सरळ सर्जनकडे. नातेवाइकांना वाटतं, 'तारेने जमलं नाही'. मला तसं अजिबात वाटत नाही. ऑपरेशन करून ती शीर तोडणं हा अजूनही फार खात्रीचा उपाय आहे. काकांची डी-१० ला, वेगळी होती.

भूल दिली. ग्लूचं टेबल वेगळं, हातमोजे नवे, सलाइनचा थेंबही तिथे नको. हा ग्लू रक्त किंवा सलाइन लागताच घट्ट होतो, म्हणून मायक्रोकॅथेटर ५ टक्के डेक्स्ट्रोजने धुवायचा. ग्लूत लिपिओडॉल मिसळतात: एक्स-रेत दिसावा आणि जमायला थोडा वेळ मिळावा. लिपिओडॉल खसखशीच्या तेलापासून बनतं! १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये सिकार आणि फोरेस्तिए या डॉक्टरांनी ते मणक्याच्या एक्स-रेसाठी वापरलं होतं.

ग्लू शिरेच्या सुरुवातीपर्यंत पोचलाच पाहिजे. नुसती धमनी बंद झाली तर शेजारच्या फांद्या वाट काढतात आणि काही महिन्यांत आजार परत. फार पुढे गेला तर निरोगी शिरा बंद. शोधायला अर्धा दिवस, ग्लूला काही सेकंद. १९७७ मध्ये केंडल आणि लोग या डॉक्टरांनी खरा दोष आवरणात असतो हे दाखवलं. त्याआधी सर्जन मज्जारज्जूवरच्या फुगलेल्या शिराच सोलून काढत; बिचाऱ्या मज्जारज्जूला त्याच शिरांची गरज होती.

काका फॉलोअपला काठी घेऊन चालत आले. सूज उतरलीय, लघवीची नळी मात्र अजून आहे. पाय आधी सुधारतात, लघवी रेंगाळते, आणि जे फार काळ गेलंय ते सगळं परत येत नाही, हे सरांनी त्यांना आधीच स्पष्ट सांगितलं होतं. काकांचा प्रश्न वेगळाच होता: "आमच्याकडे मे महिन्यात ४३ डिग्री असतं. आतला ग्लू वितळणार नाही ना?" नाही वितळणार, सर म्हणाले, पण पाय पुन्हा जड वाटले तर पट्टा बांधत बसू नका, थेट इकडे या.