अवांतर, ह. घ्या.

माळ्यावरचं सामान खाली काढताना सीड्यांचा एक डबा हाती लागला. त्यातल्या एका सीडीवर स्केचपेनने, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'भांडणं, २००५'. बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, "एका सीडीत मावली?"

आमची नव्हती ती. २००५ साली मी एका मराठी चर्चागटावर होतो आणि तिथल्या गाजलेल्या वादांची पानं जपून ठेवायची मला खोड होती. कशासाठी ते आज सांगता येणार नाही. बहुधा पुरावा म्हणून. घरी डायल-अप होतं, फोन अडकून राहतो म्हणून आई ओरडायची, त्यामुळे मी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जायचो. तासाला २० रुपये. प्लायवूडची खोपटी आणि झिजून गुळगुळीत झालेलं एंटरचं बटण. बाकीची मंडळी तिथे रेल्वेची तिकिटं काढत, बायोडाटा पाठवत. मी पैसे मोजून भांडायला जायचो. मालकाला याची कल्पना आली होती. माझी खुर्ची खर्रकन पुढे ओढल्याचा आवाज आला की तो गल्ल्यावरूनच विचारायचा, "अजून अर्धा तास टाकू का, साहेब?"

सीडी वाचणारं यंत्र शोधायला दोन दिवस गेले. पहिलंच पान उघडलं ते थालीपीठाच्या भाजणीचं.

एका बाईंनी अगदी साधं विचारलं होतं. सासूबाई गावी गेल्या आहेत, बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद सगळं भाजून ठेवलं आहे, फक्त धने किती घ्यायचे ते आठवत नाही. पहिले तीन प्रतिसाद सभ्य होते. चौथ्याने विचारलं, गहू नाही घालत? पाचव्याने लिहिलं, "आमच्यात नाही घालत."

'आमच्यात' हा मराठीतला फार ज्वालाग्राही शब्द आहे. घरी बोलताना त्याचं काही वाटत नाही, पण चारशे अनोळखी माणसांसमोर तो उच्चारला की प्रत्येक जण मनात विचारतो, 'तुमच्यात म्हणजे कुणात?' आणि त्यातला एक जण ते उघड विचारतो. त्याने विचारलं. मग कोकण विरुद्ध देश झालं. देशावरच्या एका गृहस्थांनी न्यू जर्सीतून लिहिलं, तेव्हा 'तिकडे बसून आम्हाला शिकवू नका' हे आलं. त्यांनी उत्तरात डॉलरचा भाव काढला. एकोणिसाव्या प्रतिसादात पेशवे आले. ते कसे आले हे मी दोनदा वाचूनही मला कळलेलं नाही, पण आले, आणि आल्यावर लवकर गेले नाहीत.

आणि मी? मी सगळ्यात हास्यास्पद जागी उभा होतो. कुणीतरी 'थालिपीठ' लिहिलं होतं, ऱ्हस्व लि. माझं रक्त उसळलं. मी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम काढले: १९६२ चे चौदा, १९७२ चे आणखी चार, एकूण अठरा. त्या काळी मला ते नियम तोंडपाठ नव्हते, त्यांची संख्या तोंडपाठ होती. भांडणाला तेवढं पुरतं.

भाजणीतून निघून शनिवारवाड्यावर पोचण्याची ही वाट मराठी माणसाने शोधलेली नाही, याचं मला थोडं वाईटच वाटतं. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना यूझनेट या चर्चागटांच्या जाळ्याची कल्पना सुचली. संगणकांनी रात्री एकमेकांना फोन लावायचे आणि दिवसभरात साठलेल्या चिठ्ठ्यांची देवाणघेवाण करायची, असा तो सरळ मामला होता. त्यामुळे चिठ्ठी पलीकडे पोचायला कधी दिवस लागे, कधी त्याहून जास्त. कुणाच्या तरी संगणकावर मूळ चिठ्ठीच्या आधी तिचं उत्तर येऊन पडे. म्हणजे शिव्या आधी, गुन्हा मागाहून. रागही शिळा होऊन पोचायचा, पण त्याने तो कमी व्हायचा नाही, लोणच्यासारखा मुरायचा.

त्या भांडणांना ते लोक 'फ्लेम' म्हणत. आपण 'काडी टाकली' म्हणतो. दोन्हीकडे आगच.

तिथल्या शहाण्यांनी एक युक्ती केली होती. भांडणांसाठी वेगळा गटच काढला होता, नेट-फ्लेम नावाचा. जळायचं असेल त्यांनी तिकडे जाऊन जळा, इथे संगणकाबद्दल बोलू द्या. पुढे १९८७ साली सगळ्या गटांची नावं नव्याने लावली, तेव्हा तापट विषयांसाठी 'टॉक' अशी आख्खी शाखाच ठेवली. पण भांडणं काही तिकडे मुकाट्याने गेली नाहीत. आपल्याकडच्या चर्चागटांचे संपादकही 'विषयांतर नको, वेगळा धागा (म्हणजे नवी चर्चा) काढा' असं कळकळीने लिहीत. वेगळा धागा कुणीतरी काढायचाही. तिकडे चिटपाखरू फिरकत नसे. मधल्या चौकात जुंपलेल्या दोघांना कुणी म्हटलं, मागे मोकळं मैदान आहे, तिथे जाऊन मनसोक्त भांडा, तर ते जातील का? बघे तर चौकात आहेत.

बघ्यांनाही आपल्याकडे नाव होतं. नुसतं वाचणारे ते 'रोमात', म्हणजे 'रीड ओन्ली मोड'मध्ये. त्यातले काही वर्षानुवर्षं रोमात राहून अचानक एके दिवशी पहिलाच प्रतिसाद असा देत, की भल्याभल्यांची दातखीळ बसावी.

पण मी सांगत होतो वेगळंच. या सगळ्या प्रकारातलं माझं सर्वांत लाडकं विषयांतर १९८२ च्या सप्टेंबरातलं आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकवाल्यांच्या ऑनलाइन सूचनाफलकावर एक भौतिकशास्त्राचं कोडं चाललं होतं. लिफ्टच्या भिंतीवर पेटती मेणबत्ती आहे, जमिनीवर पाऱ्याचा थेंब आहे, वरची दोरी तुटली आणि लिफ्ट कोसळायला लागली. मेणबत्तीचं काय होईल? पाऱ्याचं काय होईल? एका विनोदी माणसाने खाली सूचना लावली: प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, थोडी आगही लागली होती, शुक्रवारी सकाळी आठपर्यंत सफाई होईल. झालं. काही लोकांना ते खरंच वाटलं.

मग मेणबत्ती राहिली बाजूला आणि चर्चा वळली ती थट्टेची चिठ्ठी ओळखायची कशी याकडे. एक म्हणाला, विषयात तारांकन घाला. दुसरा म्हणाला, त्यापेक्षा टक्क्याचं चिन्ह बरं. तिसऱ्याने 'आणि'च्या इंग्रजी चिन्हाची बाजू घेतली, कारण ते हसून लोटपोट झालेल्या जाड्या माणसासारखं दिसतं. कुणाला चौकटीच्या चिन्हात ओठांमागचे दात दिसले. एवढी हुशार माणसं, आणि कुणीही त्यांना कामाला लागा म्हणत नव्हतं. शेवटी १९ सप्टेंबरला, सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी, स्कॉट फालमन यांनी सुचवलं: अपूर्णविराम, आडवी रेघ, कंस. मान वाकडी करून वाचा. संगणकावरचा पहिला हसरा चेहरा म्हणून जो ओळखला जातो, तो असा विषयांतराच्याही विषयांतरातून आला. ती मूळ चिठ्ठी पुढे हरवली होती, २००२ साली जुन्या टेपांवरून शोधून काढली.

(मेणबत्तीचं उत्तर हवं असेल तर: कोसळत्या लिफ्टमध्ये गरम हवा वर जायचं थांबतं, म्हणून ज्योत निमुळती न राहता गोल आणि निळसर होते. पण हे आता कोण विचारतंय.)

आपण मराठी लोकांनी चिन्हांवर भागवलं नाही. शब्द काढले. 'हलके घ्या'चं 'ह. घ्या.' झालं. मायबोली या मराठी संकेतस्थळावरच्या मंडळींनी त्याच्या पुढे जाऊन इंग्रजी 'लाइट'चं भाषांतर केलं आणि 'दिवे घ्या' म्हणू लागले. समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि खाली लिहायचं 'दिवे घ्या'. हाच न्याय 'अवांतर' या शब्दाला. 'अवांतर:' असं लिहून अपूर्णविराम दिला की पुढे वाटेल ते लिहायचा परवाना मिळे. मूळ प्रतिसाद 'छान लेख' एवढाच आणि अवांतर तीन परिच्छेद.

देवनागरी येण्याआधी तर निराळीच पंचाईत. नव्वदच्या दशकात यूझनेटवर मराठी मंडळींचा स्वतःचा गट होता आणि तिथे मराठी लिहायची ती रोमन लिपीत. साध्या रोमनमध्ये मेळा आणि मेला एकच. रोमनमध्ये देवनागरी लिहायची 'आयट्रान्स' नावाची रीत वापरणारे काटेकोर लोक ट, ड, ण, ळ यांच्यासाठी मोठी रोमन अक्षरं लिहीत. आता यूझनेटचा शिष्टाचार असा, की मोठ्या अक्षरात लिहिणं म्हणजे ओरडणं. 'टाळाटाळ' लिहा बघू. एका शब्दात चार किंकाळ्या. मराठी माणूस मुळात चिडलेलाच वाटतो असा परप्रांतीयांचा समज आहे, त्यात या ळ-णची भर पडली असणार.

या शिष्टाचाराची लेखी नियमावली १९९५ च्या ऑक्टोबरात निघाली. आरएफसी १८५५ असं तिचं रुक्ष नाव. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे जनतेसाठी इंटरनेट खुलं केलं होतं, म्हणजे आपल्याला मैदान आणि खेळाचे नियम जवळजवळ एकदमच मिळाले. नियमावली म्हणते, भावनेच्या भरात उत्तर देऊ नका, एक रात्र जाऊ द्या. आणि फारच मनात असेल तर सुरुवातीला 'फ्लेम ऑन' आणि शेवटी 'फ्लेम ऑफ' असं लिहून मध्ये काय ते लिहा. हे वाचून मला हसू आलं. आपल्याकडे 'फ्लेम ऑफ' फार आधीपासून आहे. 'असो'. चाळीस ओळी आगपाखड करायची आणि शेवटची ओळ नुसती 'असो.' पूर्णविरामासकट. एवढं सोज्ज्वळ आणि एवढं खुनशी दुसरं काही मराठीत नाही. आहे, 'तुमचं चालू द्या'.

तिकडे एखाद्याला कायमचं गप्प करायचं तर त्याचं नाव किलफाइलमध्ये टाकत. मग त्याच्या चिठ्ठ्या आपल्याला दिसतच नाहीत. आणि त्याला हे कळावं म्हणून शेवटचं एक उत्तर देत: 'प्लोंक'. डब्याच्या तळाशी वस्तू पडल्याचा आवाज. आपल्याकडे याला 'अनुल्लेखाने मारणे' म्हणतात. पण मराठी माणूस 'मी आता तुम्हाला अनुल्लेखाने मारणार आहे' असं जाहीर करून पुढचे सहा प्रतिसाद त्यालाच लिहितो. मी लिहिले आहेत.

गॉडविनचा नियम बऱ्याच जणांना ठाऊक असेल. माईक गॉडविनने १९९० साली सांगितलं, की चर्चा लांबत गेली की कधी ना कधी त्यात हिटलर येणारच. मराठीत हिटलरला तिष्ठत बसावं लागतं. त्याच्या आधी गांधी-सावरकरांचा नंबर असतो.

पण माणसं मूळ विषय सोडून भलतीकडेच का तापतात? यावर एका डेन्मार्कच्या संगणकवाल्याने, पॉल-हेनिंग कॅम्पने, १९९९ साली लिहिलेली चिठ्ठी मला पटते. फ्रीबीएसडी नावाच्या संगणक प्रणालीत 'स्लीप' म्हणून आज्ञा आहे, यंत्राला इतके सेकंद थांब म्हणायची. तिला अर्धा-पाव सेकंद सांगता यावा की नाही यावर वाद पेटला. कॅम्पने पार्किन्सन या इंग्रज लेखकाचा जुना दाखला दिला: अणुभट्टीचा प्रस्ताव समितीत पटकन मंजूर होतो, कारण तो कुणाला कळत नाही. सायकलींच्या छपरावर मात्र प्रत्येकाला मत असतं. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या देखभालीचा लाखाचा करार 'वाचला असे समजण्यात आले' म्हणून संमत झाला आणि फाटकाच्या रंगावर दोन कुटुंबं आजही बोलत नाहीत, तेव्हा मला या डॅनिश माणसाची आठवण आली होती.

धन्याचं प्रमाण सांगायला भाजणी केलेली असावी लागते. ऱ्हस्व-दीर्घावर बोलायला काहीच लागत नाही.

तर ती सीडी. शेवटपर्यंत वाचली. ब्याण्णव प्रतिसाद. शंभरी गाठायच्या आत संपादकांनी कुलूप घातलं म्हणून तेव्हा बरेच जण हळहळले होते, त्यात मीही. वाचताना एक गोष्ट दिसली, जी तेव्हा कॅफेत बसून मला दिसली नव्हती. एकेचाळिसावा प्रतिसाद त्या बाईंचाच होता. एका ओळीचा. वर पेशवे, खाली पेशवे, आणि मध्ये ती ओळ:

"भाजणी दळायला द्यायची आहे, गिरणी सातला बंद होते. धने किती?"

त्याच्या खाली बेचाळिसावा प्रतिसाद माझा आहे. वेळ संध्याकाळची, सहा वाजून बावीस मिनिटं. सुरुवात अशी: "मूळ मुद्द्याकडे वळू या. 'थाली'तली 'ली' दीर्घच."