बोरूने काढलेली बाई

न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत २०१६च्या शेवटी झाँ द्युबुफे या फ्रेंच चित्रकाराच्या रेखाटनांचं प्रदर्शन होतं. १९३५ ते १९६२ या काळातली शंभरेक चित्रं. बरोबर भाची होती. पहिल्याच भिंतीपाशी ती म्हणाली, "मावशी, हे तर कुणीही काढेल." शाळेत चित्रकला शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे या वाक्याचा मला आता राग येत नाही.

तिला 'कोर द दाम', म्हणजे 'बायकांची शरीरं', या मालिकेपाशी नेलं. १९५०च्या आसपासची ही कामं, वहीच्या पानाएवढी. बाईचं धड कागदभर लाटल्यासारखं पसरलेलं, डोकं इवलंसं, पाय नावापुरते. पण रेघा बघाव्यात! बोरूने ओरखडलेल्या, एकमेकींवर चढलेल्या, तरी प्रत्येक सुटी दिसते. बोरूत शाई किती घ्यायची, दाब कुठे सोडायचा, हे हातात मुरल्याशिवाय अशी रेघ येत नाही.

हा माणूस ल हाव्रच्या वाइन व्यापाऱ्याचा मुलगा. पॅरिसच्या अकादमीत सहाएक महिने काढून पळाला, पुढे स्वतःही वाइनचाच धंदा केला आणि चाळिशी उलटल्यावर, १९४२मध्ये, कायमचा चित्रांकडे वळला. मनोरुग्णांची, कधीच न शिकलेल्यांची कामं त्याने जमवली, त्यांना 'आर ब्र्युत', म्हणजे कच्ची, असंस्कारित कला, म्हटलं. त्यांच्यासारखं काढायची त्याची धडपड मला पटते, पण थोडी लबाडही वाटते. शिकलेला हात अडाणी असल्याचं सोंग छान वठवतो, इतकंच.

सहारातली रंगीत चित्रं, खजुरीची झाडं वगैरे, भाचीला आवडली. मला ती जरा गोडच वाटली. त्यापेक्षा शाईच्या ठशांपाशी मी रेंगाळले. शाई लावलेल्या पृष्ठभागावर कागद दाबायचा, उमटेल ते घ्यायचं, मग कापून जोडायचं. माती, खडक, दाढी, काहीही त्यातून निघतं.

१९५१मध्ये शिकागोत भाषण करून पाश्चात्त्य संस्कृतीवर तोंडसुख घेणारा हा गृहस्थ, आणि त्याची चित्रं एका बँकरच्या, गुटेनबर्ग बायबलं जपणाऱ्या वास्तूत! तशी त्याची काळी-पांढरी झाडं, म्हणजे झाडांचं शिल्प, १९७२पासून वॉल स्ट्रीटजवळ एका बँकेने बांधलेल्या इमारतीसमोर उभी आहेतच. भाची ऑफिसला रोज त्यांच्यावरून जाते. ती कुणाची, हे तिला त्या दिवशी कळलं.