आउटबोर्ड इंजिनाच्या पेट्रोलमध्ये अ‍ॅडिटिव्ह घालावे का?

मे महिना संपत आला की मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यातील होड्या किनाऱ्यावर ओढल्या जाऊ लागतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या होड्या तर त्याहूनही उशिरा पाण्यात उतरतात. नेमक्या याच सुमारास स्पेअर पार्टच्या दुकानांत अ‍ॅडिटिव्हच्या, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या रसायनांच्या, बाटल्या पुढे मांडलेल्या दिसतात आणि मला ओळखीचे होडीवाले विचारतात की, पेट्रोलमध्ये यातले काही घालावे का. माझे उत्तर असे आहे की, बारमाही घालण्याची गरज नाही, पावसाळ्यापूर्वी एकदा घालण्यात अर्थ आहे, आणि ज्या कामासाठी बहुतेक लोक ती बाटली विकत घेतात ते काम तिच्याकडून होत नाही.

प्रश्न एवढा चर्चेत येण्याचे कारण पंपावरचे पेट्रोल बदलले, हे आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलची विक्री ६ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. २०३० साठी ठरवलेले हे उद्दिष्ट अलीकडे ओढण्यात आले आणि २०२५ मध्ये देशभरातील मिश्रण २० टक्क्यांच्या घरात पोहोचले. याउलट आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या टोकाला बाहेरून बसवायची इंजिने, बनवणाऱ्या प्रमुख कंपन्यांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा सहसा १० टक्के दिलेली असते. अमेरिकेत पर्यावरण खात्याने २०१० आणि २०११ मध्ये १५ टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला परवानगी दिली तेव्हा ती २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींपुरती ठेवली आणि बोटींची इंजिने त्यातून वगळली. म्हणजे तेथे १५ टक्के मिश्रणही बोटीत भरता येत नाही आणि आपल्याकडे होडीवाल्याला जवळच्या पंपावर २० टक्क्यांचेच मिळते. या तफावतीची धास्ती रास्त आहे, परंतु तिचा उपाय बाटलीत शोधला जातो, तेथे गोंधळ सुरू होतो.

इथेनॉल पाणी ओढून घेते, ही गोष्ट आता बहुतेकांना माहीत झाली आहे. ते पाणी नंतर काय करते, हे मात्र थोडे सविस्तर पाहावे लागते. आउटबोर्डची हलवता येणारी टाकी दिवसभर उन्हात तापते, आतली वाफ झाकणावरच्या हवेच्या स्क्रूमधून बाहेर पडते, आणि रात्री टाकी निवली की त्याच वाटेने खाडीवरची दमट हवा आत येते. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही, ते तळाशी थेंबाथेंबाने वेगळे दिसते. इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये ते विरघळून दिसेनासे होते. १० टक्क्यांचे मिश्रण सर्वसाधारण तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी सामावून घेते, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत साधारण सव्वाशे मिलिलिटर. २० टक्क्यांचे मिश्रण त्याहून अधिक सामावते आणि त्यामुळे ते सहजी फाटत नाही, हा त्याचा गुणच म्हणावा लागेल. मात्र झाकण सैल राहून पावसाचे पाणी आत गेले आणि मर्यादा ओलांडली गेली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते.

टू-स्ट्रोक इंजिनासाठी ही अवस्था सर्वांत वाईट असते. टाकीतून पेट्रोल उचलणारी नळी तळाशीच असते, आणि आपण पन्नासास एक या प्रमाणात मिसळलेले ऑइल मात्र वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. तळाचे पाणी-इथेनॉल कार्बोरेटरपर्यंत गेले तर इंजिन बहुधा अडखळून बंद पडते. बंद पडले नाही, तर ते वंगणाविना फिरते, आणि ते अधिक धोक्याचे असते. अशा फाटलेल्या पेट्रोलला पुन्हा एकजीव करून वापरण्याजोगे करणारे कोणतेही रसायन दुकानात मिळत नाही, मग लेबलवर काहीही छापलेले असो. पाणी ‘घालवणाऱ्या’ बऱ्याच बाटल्यांमध्ये मुख्यतः आणखी एक अल्कोहोल असते. जुन्या, इथेनॉलविरहित पेट्रोलच्या काळात तळाचे चमचाभर पाणी विरघळवून जाळून टाकण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. ज्या पेट्रोलमध्ये आधीच पाचवा हिस्सा अल्कोहोल आहे त्यात आणखी थोडे ओतून काय साधणार?

दुसरा गैरसमज इंधन आणि हवा यांच्या मिश्रणाबद्दलचा आहे. पेट्रोल पुरते जळण्यासाठी वजनाने त्याच्या पावणेपंधरा पट हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे नऊ पट पुरते. ज्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑक्सिजन सेन्सर असतो ते इंजिन हा फरक बऱ्याच अंशी सांभाळून घेते. कार्बोरेटरच्या इंजिनाला यातले काही कळत नाही. त्याचा जेट ठरलेल्या भोकाएवढेच इंधन सोडतो आणि त्या इंधनात प्राणवायू अगोदरच मिसळलेला असल्यामुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी पडते. पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण थ्रॉटलला ताणले तर ते प्रमाणापेक्षा तापते आणि पिस्टन धरण्याची, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसण्याची, शक्यता वाढते. प्लगचे टोक तपकिरी दिसण्याऐवजी पांढुरके दिसू लागले, तर मेकॅनिकला दाखवून मुख्य जेट एक नंबर मोठा घ्यावा की नाही, हे ठरवावे लागते. हे काम पान्याने होणारे आहे, थेंबांनी होणारे नाही. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असल्यामुळे तेवढ्याच फेरीला थोडे जास्त इंधन जाळावे लागते, आणि ‘अ‍ॅव्हरेज वाढवणारी’ बाटली ही वजाबाकीही भरून काढू शकत नाही.

ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची अवेळी न पेटण्याची क्षमता, वाढवणाऱ्या बूस्टरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बहुतेक आउटबोर्डांना आपल्याकडच्या साध्या पेट्रोलवर चालण्यात अडचण नसते आणि इथेनॉलमुळे ऑक्टेन मुळातच वाढतो. ते पैसे वाचवावेत.

आता ज्या दोन गोष्टी मी स्वतः वापरतो त्यांच्याविषयी. पहिली म्हणजे स्टॅबिलायझर. साठवलेल्या पेट्रोलची हवेतील प्राणवायूशी हळूहळू प्रक्रिया होऊन त्यात डिंकासारखा चिकटा तयार होतो आणि तो कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये बसतो. पावसाळ्यानंतर ‘इंजिन चालू होते पण आयडलला टिकत नाही’ ही तक्रार पुष्कळदा यातूनच येते. स्टॅबिलायझरमधील द्रव्ये ही प्रक्रिया लांबवतात आणि चांगल्या प्रतीच्या स्टॅबिलायझरमध्ये धातू गंजू न देणारे द्रव्यही असते. मात्र ते ताज्या पेट्रोलमध्येच घालावे लागते. दोन महिने पडून असलेल्या पेट्रोलमध्ये ते घालणे म्हणजे नासलेल्या दुधाला विरजण लावण्यासारखे आहे. पेट्रोलमध्ये ते मिसळल्यावर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी जोडून दहा-पंधरा मिनिटे चालवावे, म्हणजे ते नळ्या, पंप आणि कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. टाकीत नुसते ओतून झाकण लावल्यास कार्बोरेटरच्या वाटीत जुनेच पेट्रोल राहते आणि चिकटा तेथेच धरतो.

अर्थात ज्यांच्याकडे हलवता येणारी छोटी टाकी आहे त्यांनी स्टॅबिलायझरच्या भानगडीत न पडता टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फोर-स्ट्रोकच्या टाकीतील शिल्लक स्वच्छ पेट्रोल स्कूटरमध्ये भरता येते. ऑइल मिसळलेले पेट्रोल तसे भरता येत नाही, त्यामुळे टू-स्ट्रोकवाल्यांनी हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात फेरीपुरतेच मिश्रण करावे. स्टॅबिलायझरचा खरा उपयोग होडीत कायम बसवलेल्या मोठ्या टाकीला आणि इंजेक्शनच्या इंजिनांना होतो, कारण अशा इंजिनांच्या आत पेट्रोल साठवणारी लहान टाकी इंजिनाच्या कव्हरखाली दडलेली असते आणि ती रिकामी करणे प्रत्येकाला जमत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्बन साफ करणारे डिटर्जंट, विशेषतः पॉलिइथर अमाइन असलेले. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या बराच वेळ अगदी मंद गतीने फिरतात. अशा चालवण्यात इंजिन पुरेसे तापत नाही आणि पिस्टनच्या माथ्यावर व रिंगच्या खाचांत काजळी साचते. ते इंजिन रोज काही मिनिटे मोकळ्या पाण्यात जोरात चालवले तर निम्मे काम फुकटात होते. उरलेल्यासाठी हंगामात एखाद्या वेळी हे डिटर्जंट घालावे, तेही फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन ऑइल बदलण्याच्या थोडे आधी, कारण त्याचा काही अंश रिंगांजवळून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतो. मात्रा बाटलीवर लिहिलेलीच ठेवावी. ‘थोडे जास्त घातले तर अजून साफ होईल’ हा विचार येथे चालत नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. महागडी बाटली घेणारे काही जण टू-स्ट्रोकमध्ये मोटारसायकलचे स्वस्त ऑइल घालताना दिसतात. पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू३ या दर्जाचे ऑइल असते, आणि राख न सोडणारे डिटर्जंट त्यात घातलेलेच असते. ते ऑइल नियमित वापरले तर वेगळ्या क्लीनरची गरज पुष्कळ कमी होते.

इथेनॉलपासून संरक्षण हवे असेल तर टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर बसवावा. पेट्रोलमध्ये पूर्ण विरघळलेले पाणी तो काढू शकत नाही, वेगळे झालेले अडवतो. तळाला पारदर्शक वाटी असलेला घेतला तर साचलेले पाणी डोळ्यांना दिसते. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल इंजिनापर्यंत चढवण्यासाठी हाताने दाबायचा बल्ब इथेनॉलने आतून मऊ होऊन सोलवटतात, म्हणून त्या बदलून इथेनॉलला टिकणारी नळी बसवून घ्यावी. सप्टेंबरमध्ये होडी उतरवताना फिल्टर उघडून वाटीत काय आहे ते आधी पाहावे, ताजे पेट्रोल भरावे, बल्ब घट्ट होईपर्यंत दाबून सांध्यांतून कुठे गळत नाही ना हे तपासावे, आणि मगच दोरी ओढावी.